पोलीस बाप, अबोला धरलेला मुलगा आणि तपासाचे कागद

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की लेखनाविषयीची पत्रं वाढतात. यंदा कोल्हापूर आणि आसपासच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे: खुनाचा तपास करणारा पोलीस अधिकारी बाप आणि त्याच्याशी बोलणं टाकलेला मुलगा. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरांतली कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची आहेत. तुमच्या गोष्टीतला खून त्याआधी घडला असेल तर तिथे खुनासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ नव्हे, जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ लागेल.

माझा नायक कोल्हापूर पोलिसांत डिटेक्टिव्ह आहे. पहिल्याच प्रवेशात त्याला पोलीस आयुक्त बोलावून घेतात आणि केस सोपवतात. सुरुवात ठीक आहे का?
(एक वाचक, राजारामपुरी)

दोन चुका आहेत, आणि कोल्हापूरचा प्रेक्षक दोन्ही पकडेल. कोल्हापूरला आयुक्तालय नाही. इथे जिल्हा पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी असतात आणि त्यांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. दुसरं म्हणजे डिटेक्टिव्ह नावाचं पद आपल्याकडे नाही. खासगी गुप्तहेराला खुनाच्या तपासाचा कसलाही अधिकार नसतो.

नायकाला दोन ठिकाणी बसवता येईल. एक, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी अशा एखाद्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक. त्याच्या हाताखाली गुन्हे प्रकटीकरण पथक असतं. त्याला सगळे ‘डीबी’ म्हणतात. दोन, स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, म्हणजे एलसीबी. हे लोक साध्या वेषात, जिल्हाभर फिरणारे. आमचं मत एलसीबीच्या बाजूने. ठाण्याच्या निरीक्षकाचा अर्धा दिवस बंदोबस्त, मोर्चे आणि शांतता समितीच्या बैठकांत जातो. एलसीबीवाला गुन्ह्याच्या मागे असतो, रात्री-अपरात्री बाहेर असतो आणि घरी कुठे गेलो होतो ते सांगत नाही. मुलाशी अंतर पडायला आणखी काय लागतं?

पोशाखाची चूकही टाळा. निरीक्षक आणि सहायक निरीक्षक, दोघांच्याही खांद्यावर ३ तारे असतात आणि फरक फितीत असतो. फौजदाराला, म्हणजे पीएसआयला, २ तारे. भाड्याने आणलेल्या गणवेशात हा घोळ हमखास होतो.

मध्यंतराच्या आधी असं उघड होतं की खुनातला संशयित नायकाचाच मुलगा आहे. तो स्वतः मुलाची चौकशी करतो, असा आमचा सर्वांत जोरदार प्रवेश आहे. परीक्षक आक्षेप घेतील का?
(महाविद्यालयीन नाट्यसंघ, शिवाजी पेठ)

घेतील, आणि बरोबर घेतील. ‘स्वतःच्या मुलाचा तपास करू नये’ अशा शब्दांचं कलम शोधत बसू नका. पण तपास निःपक्ष असायला हवा, आणि बापाने केलेला तपास आरोपीचा वकील आणि फिर्यादीचा वकील असे दोघेही कोर्टात फाडतील. म्हणून वरिष्ठ तो लगेच दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देतात. चौकशीचा प्रवेश काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. तो तपास वर्ग होण्याआधी, बेकायदेशीर भेट म्हणून घडवा. जोर वाढेल.

खरं नाट्य त्याच्याही आधी आहे. बापाला कळलं किती वाजता आणि त्याने वरिष्ठांना कळवलं किती वाजता? स्टेशन डायरीत प्रत्येक नोंदीला वेळ असते. समजा, मुलाच्या मोपेडच्या डिकीत रक्ताचा शर्ट त्याला रात्री ९:४० ला दिसला आणि डायरीत नोंद ११:१५ ची आहे. मधल्या ९५ मिनिटांत त्याने काय केलं, हीच तुमची एकांकिका. शर्ट धुतला किंवा जाळला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८, पुरावा नष्ट करणं. मूळ गुन्हा खुनाचा असल्यामुळे ७ वर्षांपर्यंत शिक्षा. मुलाला वाचवण्यासाठी सरकारी दप्तरात खोटी नोंद केली तर कलम २५६, ३ वर्षांपर्यंत.

आणखी एक जागा तुमच्या हातून सुटली आहे. अटक झाल्यावर कोणाला कळवायचं ते नाव आरोपी स्वतः सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे पोलिसांना तसं कळवावंच लागतं. हवालदार विचारतो, “कुणाला कळवायचं?” मुलगा मामाचं नाव देतो. हवालदाराला आडनावावरून सगळं माहीत आहे, बाप बाहेरच्या बाकावर बसला आहे, आणि तरी तो मामाचाच नंबर लिहून घेतो. या प्रवेशाला संवाद जवळजवळ लागत नाही.

घड्याळांचा वापर करा. अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. नव्या कायद्यात ती खुनासारख्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. दोषारोपपत्राला ९० दिवस. ही मुदत अटकेच्या नव्हे, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून मोजतात. ती चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. नवा तपास अधिकारी हा बापाचा जुना मित्र असेल आणि ८७व्या दिवशीही त्याचे कागद पुरे नसतील, तर तो खरंच आळशी आहे की मैत्री निभावतोय? हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा ठेवता येतो.

ता. क. तुमच्या संहितेत साक्षीदार पोलिसांपुढच्या जबाबावर सही करतो. ती काढा. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते, पंचनाम्यावर पंचांची. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते.

मुलगा घरी येऊन बापासमोर कबुली देतो. बाप नोकरीत आहे. ही कबुली कोर्टात चालेल का? आणि आईने त्याला दोन दिवस लपवलं तर?
(एक वाचक, गारगोटी)

या महिन्यातलं सर्वांत चांगलं पत्र. याच प्रश्नावर अख्खी संहिता उभी राहू शकते.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार (जुन्या कायद्यात २५ आणि २६) पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तो अधिकारी ड्यूटीवर आहे की बनियनवर स्वयंपाकघरात बसलाय, तपास त्याच्याकडे आहे की नाही, हा भेद कलमात नाही. म्हणजे हीच वाक्यं मुलगा शेजारच्या काकांना बोलला असता, तर काका साक्षीदार झाले असते. बाप पोलीस आहे म्हणून ती कबुली पुरावा म्हणून निकामी. ज्या नोकरीने मुलगा दुरावला, तीच नोकरी त्याला वाचवते.

आता पुढचा पेच. महाराष्ट्र पोलिसांत निवृत्ती ५८व्या वर्षी, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. निवृत्त माणूस पोलीस अधिकारी राहत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर ऐकलेली कबुली तो कोर्टात सांगू शकतो. नवरा-बायकोमधल्या बोलण्याला साक्षीत जसं संरक्षण आहे, तसं बाप-लेकाच्या बोलण्याला अजिबात नाही. सरकार पक्ष बापाला समन्स काढून पिंजऱ्यात उभं करू शकतो. मग कबुली निवृत्तीच्या आधी की नंतर, यावर सगळं फिरतं. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना जन्मतारीख १ जून लावलेली पिढी मोठी आहे. नियम असा की १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे. तुमच्या नायकाला हीच तारीख द्या. मात्र कबुली नेमकी ३१ मेच्या संध्याकाळी, निरोप समारंभाचा नारळ हातात असताना घडवू नका. वकील त्या काही तासांवरच वाद घालत बसतील आणि प्रेक्षक बापाला सोडून तारखेत अडकेल. एकतर २९ मे घ्या, नाहीतर ३ जून. ३ जून निवडलीत तर मुलाला हे माहीत होतं का, तेही ठरवा. बापाला माहीत होतंच. त्याने “थांब, बोलू नको” म्हटलं की नाही, यावर त्याचं माप निघेल.

दोन मर्यादाही लक्षात ठेवा. अशी न्यायालयाबाहेरची कबुली दुबळा पुरावा मानतात. तिला इतर पुराव्याचा आधार लागतो. आणि कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून हत्यार सापडलं, तर त्या शोधापुरतं निवेदन चालतं. पोलिसांच्या तोंडी तो अजून ‘सत्तावीसचा पंचनामा’ आहे, कारण जुन्या कायद्यात ते कलम २७ होतं. नव्या कायद्यात तो भाग २३ मध्येच आला. पन्नाशीच्या अधिकाऱ्याच्या तोंडी ‘सत्तावीस’च शोभेल.

आईचं काय? गुन्हेगाराला आसरा देणं हा न्याय संहितेच्या कलम २४९ चा गुन्हा आहे. खुनासारख्या प्रकरणात ५ वर्षांपर्यंत शिक्षा. आसरा म्हणजे फक्त छप्पर नव्हे. जेवण, पैसे, कपडे, गाडी, सगळं त्यात येतं. अपवाद एकच: गुन्हेगाराची पत्नी किंवा पती. म्हणजे सून सुटते, आई-बाप सुटत नाहीत. घरात सून असेल आणि सासूने बांधलेला भाकरीचा डबा ती ‘मीच दिला’ म्हणून स्वतःवर घेत असेल, तर ते त्याग म्हणून लिहू नका. तिला कुणीतरी कायदा सांगितला आहे. कुणी, हे प्रेक्षकाने ओळखावं.

मृतदेह पंचगंगेत टाकला आहे. तो कुठे, किती दिवसांनी सापडेल? गोष्ट मे महिन्यात घडते.
(एक वाचक, इचलकरंजी)

मे आणि ऑगस्टची पंचगंगा या दोन वेगळ्या नद्या समजा. नदीवर कोल्हापूरपासून खाली राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे बंधारे आहेत. उन्हाळ्यात त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात आणि पाणी तुंबून राहतं. घाटावर टाकलेलं प्रेत मेमध्ये फार लांब जात नाही, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याच्या फुगीतच राहतं. पाणी कोमट असल्याने ते बहुधा एक-दीड दिवसात फुगून वर येतं. वजन बांधलं असेल तर लांबेल. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात, तेव्हा इतके दिवस तळाशी अडकलेलं काहीतरी मोकळं होतं. तुमच्या गोष्टीतलं हत्यार किंवा पिशवी सापडण्याची ही नैसर्गिक वेळ. ऑगस्टमध्ये मात्र राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या पुरात प्रेत शिरोळच्या मळ्यांत निघालं तरी नवल नाही.

प्रेत दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत सापडलं तर ‘आमची हद्द नाही’ म्हणून गुन्हा नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करतात. सुरुवातीला मात्र खून म्हणून नोंद होतच नाही. आधी अकस्मात मृत्यू, मग इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, मग शवविच्छेदन. कोल्हापूरला ते सीपीआर या सरकारी रुग्णालयात. डॉक्टरांनी ‘पाण्यात पडण्याआधीच मृत्यू’ म्हटलं की मग खुनाचा गुन्हा. ७ वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा कोल्हापुरातच आहे, तेव्हा नमुने पुण्याला पाठवून उशीर दाखवू नका.

मृत्यूची वेळ मिनिटावर सांगणारा डॉक्टर नाटकातच भेटतो. प्रेत ताठायला १-२ तासांत जबड्या-मानेपासून सुरुवात होते, साधारण १२ तासांत सगळं अंग ताठतं, नंतर ते सैल पडतं. कोल्हापूरच्या मेमधल्या उन्हात हे सगळं लवकर उरकतं. पाण्यात शरीर हवेपेक्षा झपाट्याने थंड होतं, त्यामुळे तपमानावरचं गणितही चुकतं.

एक उपयोगी धागा देतो. जिवंत माणूस बुडाला तर पाण्यातले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल रक्तावाटे हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मगजातले डायटम आणि जिथे प्रेत सापडलं तिथल्या पाण्यातले डायटम ताडून बघतात. रंकाळ्याचं साचलेलं पाणी आणि पंचगंगेचं पाणी यांतले प्रकार सारखे असतीलच असं नाही. माणूस रंकाळ्यात बुडवून नदीवर आणून टाकला, हे यातून सुचवता येतं. पण फक्त सुचवा; एवढ्यावर शिक्षा लावलीत तर अतिरेक होईल. आणि पाण्याचा नमुना प्रेत काढलं त्याच वेळी घ्यायला हवा. पहिल्या दिवशी कुणीतरी तो घ्यायचा विसरला, ही चूक अगदी खरी वाटेल.

खुनानंतर १५ दिवसांनी नायक गुजरीतल्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज मिळवतो. चालेल?
(एक वाचक, मंगळवार पेठ)

हिशोब करून बघा. ४ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, तर एका कॅमेऱ्याचं दिवसाला सुमारे २१.६ जीबी, चारांचं ८६ जीबी. १ टीबीची डिस्क ११-१२ दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. १५व्या दिवशी तुमच्या नायकाच्या हाती काही लागणार नाही. २ टीबी दाखवा किंवा नायकाला लवकर पाठवा. फुटेजवरची वेळही आंधळेपणाने मानू नका. ज्या दिवशी डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, ताब्यात घेतला, त्या दिवशी त्याचं घड्याळ आणि खरं घड्याळ यातला फरक पंचनाम्यात लिहून घ्यायचा असतो. १३ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ मुलाला वाचवू किंवा अडकवू शकतं. कोर्टात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण, लागते. मोबाइलचे कॉल तपशील याच्या उलट. कंपन्यांना ते निदान २ वर्षं ठेवावे लागतात, त्यामुळे तिथे घाई नाही. मात्र टॉवरवरून गल्ली कळत नाही. उसाच्या पट्ट्यात एकेका टॉवरखाली काही किलोमीटर येतात.

जामिनासाठी मुलाचा मामा रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो, असा प्रवेश आहे. अजून जावं लागतं का?
(एक वाचक, जयसिंगपूर)

१८ ऑगस्ट २०२५ पासून नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकारही तिथेच येतात. खटला चालेल तो कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. गोष्ट त्या तारखेआधीची असेल तर रात्रीची गाडी राहू द्या. नंतरची असेल तर वेगळाच योग जुळतो: जिथे शवविच्छेदन झालं, त्याच्यासमोरच जामिनाचा अर्ज. मामाला रस्ता ओलांडायचा आहे, एवढंच.

मुलगा बापाला म्हणतो, “बाबा, तुम्ही नेहमीच नोकरीला माझ्यापेक्षा जास्त महत्त्व दिलंत!” दिग्दर्शक म्हणतो हे कोल्हापुरी वाटत नाही. ‘नाद खुळा’ वगैरे घालू का?
(एक वाचक, कागल)

नका घालू. दिग्दर्शक बरोबर आहे, पण अडचण शब्दांत नाही. आपल्याकडे बापावर रुसलेला मुलगा बापाशी भांडत नाही, बोलणंच बंद करतो, आणि घर आईमार्फत चालतं. एकाच खोलीत तिघं बसलेले असताना:

“आई, त्यांना सांग, लाइटबिल भरलंय.”

“त्याला इचार, गाडीत तेल हाय काय.”

आई दोघांकडेही न बघता भाजी निवडते. असे दोन प्रवेश झाले की प्रेक्षकाला नातं कळलं. खंत बोलून दाखवायची गरजच उरत नाही. पुढे कोठडीत ते दोघंच समोरासमोर येतात आणि मध्ये आई नसते. आता पहिलं वाक्य कुणी बोलायचं, यावर हवी तेवढी मिनिटं घ्या.

संबोधन नीट सांभाळा. इकडे आईला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ ही जुनी रीत, “कधी आलासा?”, “जेवलासा काय?” यातला ‘सा’ आदराचा आहे आणि मायेचाही. अबोल्यात मुलगा ‘पप्पा’ टाळतो, क्रियापदही टाळतो: “चावी कुठाय?” कोठडीत त्याला बापाला हाक मारायची वेळ आली तर तो ‘साहेब’ म्हणेल. बाप त्यावर चिडला तर प्रवेश साधा होईल. बापाने सवयीने “हं, बोल” म्हटलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, तर नट खूश होईल.

बापाची भाषा दोन तऱ्हांची ठेवा. घरी पेठेतली, आणि कागदावर तपासाची: ‘सदर इसम’, ‘नमूद वेळी’, ‘मुद्देमाल हस्तगत’. मुलाविषयीची नोंद डायरीत लिहिताना तो नाव न घालता ‘सदर इसम, वय २४’ असं लिहील. वय लिहिताना त्याला आकडा मोजावा लागतो, की चटकन आठवतो, तेवढं मात्र तुम्ही ठरवा. आणि दोन्ही बाजूंच्या संवादांत मिळून ‘भावा’ तीनदापेक्षा जास्त आला तर कात्री लावा.